‘३० टक्के जास्त वाढ’ तुमच्या तळ्यात उतरेल का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. मातीची तळी आहेत, तिलापिया आणि कार्प करता, पुढच्या हंगामात एका तळ्यात कोळंबी सोडायची आहे. सुधारित वाण, बायोफ्लॉक, कीटकांपासूनचं खाद्य, प्रोबायोटिक, जनुक-संपादन असं बरंच वाचून झालंय आणि प्रत्येकापुढे ‘वाढ ३० टक्के जास्त’ अशा धर्तीचा आकडा दिसलाय. पैसा एकाच गोष्टीत घालता येईल, तर कशात घालावा? शिवाय भाऊ कालवांची शेती करतो, त्याला या संशोधनातून घेण्यासारखं काय आहे?

यातलं कुठलं संशोधन चांगलं, हा माझ्या मते मुद्दाच नाही. बहुतेक चांगलंच आहे. मुद्दा हा की तुमच्या तळ्यात उत्पादन आज नेमकं कशाशी अडलंय. प्रयोगात एकच गोष्ट बदलतात आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवतात: पाणी स्वच्छ, प्राणवायू पुरेसा, बीज (म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं) एका आकाराचं, खाद्य मोजून. म्हणून त्या एका बदलाचा परिणाम स्वच्छ दिसतो. तळ्यात पहाटे प्राणवायू लिटरमागे २ मिलिग्रॅमवर येत असेल, तर सगळ्यात वेगाने वाढणारं बीज आणलं तरी ते सकाळचं खाद्य अर्धवट टाकणार. मग ‘सुधारित बीजाचा काही उपयोग झाला नाही’ असा बोल लागतो. बीज ठीक असतं, तळं त्याला वाढू देत नाही.

तरीही बीजाबद्दलच आधी बोलतो, कारण या क्षेत्रातलं सगळ्यात भरवशाचं काम निवड पद्धतीच्या प्रजननाचंच आहे. नॉर्वेत १९७० च्या दशकात ट्रिग्वे येड्रेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामन (सॅल्मन) माशावर घराणेवार निवड सुरू केली. कुठल्या जोडीची पिल्लं जास्त वाढली याची वंशावळ ठेवायची, त्यातले उत्तम प्रजनक पुढच्या पिढीला घ्यायचे, बस. दर पिढीला वाढीत १० ते १५ टक्के भर पडत गेली. तिलापियात हेच काम १९८८ पासून फिलिपिन्समध्ये झालं. इजिप्त, घाना, केनिया आणि सेनेगलमधले जंगली तिलापिया आणि आशियातले पाळीव वाण एकत्र करून ‘गिफ्ट’ वाण तयार झाला. रोहूत भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या मदतीने ‘जयंती’ रोहू काढला, दर पिढीला साधारण १७ टक्के सुधारणा. माशाची मादी एका वेळी हजारो, काही जातींत लाखो अंडी देते, त्यामुळे शेकड्यातून एक निवडायची चैन इथे परवडते. गाई-म्हशींत ती नाही.

यात एक विसंगती आहे. २०२२ मध्ये जगभरातलं संवर्धित जलचरांचं उत्पादन सुमारे ९.४४ कोटी टनांवर गेलं आणि पहिल्यांदाच पकडलेल्या मासळीच्या पुढे निघालं. पण या शतकाचं पहिलं दशक संपलं तेव्हा येड्रेम यांच्याच हिशेबाप्रमाणे त्यातला दहा टक्क्यांहून कमी वाटा सुधारित वाणांचा होता. म्हणजे पुष्कळ शेतकरी अजून रानातल्या किंवा त्याहून वाईट, आपसात प्रजनन होऊन खालावलेल्या बीजावर मत्स्यशेती करतात. ‘त्याहून वाईट’ मुद्दाम लिहिलं. हॅचरीवाला, म्हणजे बीज तयार करून विकणारा, थोडेच प्रजनक ठेवतो, त्यांच्याच पिल्लांतून पुढचे प्रजनक काढतो आणि त्यातही बरे मासे आधी विकून उरलेले ठेवतो. असं काही पिढ्या चाललं की निवड उलट्या दिशेने होते. गिफ्टचं नाव पिशवीवर राहतं, गुण निघून गेलेले असतात.

म्हणून बीज घेताना वाणाच्या नावापेक्षा दोन प्रश्न विचारा: प्रजनक शेवटचे कुठून आणि कधी आणले, आणि एका वेळी किती नर-मादी वापरता? दुसऱ्या प्रश्नाला ‘पुरेसे’ असं उत्तर आलं तर मी तिथून निघतो.

तिलापियाचं आणखी एक दुखणं वाणाच्याही आधी बघावं लागतं. नर-मादी एकत्र असतील तर तीन-चार महिन्यांत तळ्यातच पिल्लं होतात आणि तुमचं खाद्य बाजारात न चालणाऱ्या बारीक माशांत जातं. नर मादीपेक्षा वेगाने वाढतात, म्हणून सर्वनर बीजाचा आग्रह असतो. जाळं ओढल्यावर बारीक पिल्लं मोठ्या संख्येने येत असतील, तर तुमचं ‘संशोधन’ तिथेच सापडलं.

आता प्राणवायूकडे येतो. इथे आकडेमोड सोपी आहे, पण ती करतं कोण? समजा तळ्यात दिवसाला १०० किलो खाद्य जातं आणि त्यात ३० टक्के प्रथिनं आहेत. प्रथिनांत १६ टक्के नत्र, म्हणजे रोज ४.८ किलो नत्र पाण्यात पडलं. मासे त्यातलं पाव ते तिसरा हिस्सा अंगी लावतात. उरलेलं, साधारण साडेतीन किलो, अमोनिया आणि विष्ठेच्या रूपाने तळ्यात. जिवाणूंनी एक किलो अमोनिया-नत्राचं नायट्रेट करायचं म्हटलं तर सुमारे ४.६ किलो प्राणवायू लागतो आणि ७ किलोच्या आसपास क्षारता (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) खर्च होते. म्हणजे नुसत्या नत्रासाठी रोज १६ किलो प्राणवायू. माशांचं श्वसन, विष्ठेचं कुजणं, शेवाळाचं रात्रीचं श्वसन वेगळं. चांगला पॅडलव्हील एरेटर (चाकाने पाणी उडवून त्यात हवा मिसळणारं यंत्र) प्रमाणित चाचणीत विजेच्या एका युनिटमागे दोन किलोच्या आसपास प्राणवायू देतो, पण ती चाचणी प्राणवायू नसलेल्या स्वच्छ पाण्यातली. तळ्यात निम्माही मिळाला तर नशीब.

साध्या हिरव्या तळ्यात यातलं बरंच नत्र शेवाळ दिवसा उचलतं, म्हणून कमी घनतेला एरेटरशिवाय निभतं. पण तेच शेवाळ रात्री प्राणवायू ओढतं आणि सगळ्यात वाईट घडी उजाडायच्या आधीची असते. दुपारी तीनला मीटर बुडवून ‘माझ्याकडे ८ आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. दुपारचा आकडा शेवाळाचा गुण सांगतो, माशांचे हाल पहाटेच्या आकड्यात असतात. तिलापिया २ मिलिग्रॅमलाही मरत नाही, हाच त्याचा धोका: मरतूक नाही म्हणजे सगळं ठीक, असं वाटत राहतं. पहाटेचा आकडा वारंवार ३ च्या खाली जात असेल तर खाणं घटतं, खाद्याचं गुणोत्तर (किलोभर वाढीला किती खाद्य लागतं ते) बिघडतं, रोग लवकर धरतात. अशा तळ्याला मी आधी एरेटर आणि खाद्यावर लगाम सुचवतो, बाकीचं नंतर.

बायोफ्लॉक याच आकडेमोडीवर उभं आहे. इस्राएलचे योराम अवनिमेलेख आणि इतरांनी दाखवलं की पाण्यात मळी किंवा स्टार्चसारखा कर्बाचा स्रोत टाकला की दुसऱ्या प्रकारचे जिवाणू अमोनिया पटकन उचलून स्वतःचं शरीर बनवतात. या जिवाणूंचे गोळे (फ्लॉक) तिलापिया आणि कोळंबी खातात. शास्त्र पक्कं आहे. पण एक किलो अमोनिया-नत्र असं बांधायला १५ ते २० किलो कर्बोदक लागतं, प्राणवायू नायट्रेट करायला लागतो तेवढाच लागतो, आणि किलोभर नत्रामागे सुमारे ८ किलो कोरडा जिवाणू-गाळ तयार होतो. वरच्या उदाहरणातलं सगळं नत्र असं बांधलं तर रोज २८ किलो गाळ. मासे तो सगळा खात नाहीत. उरलेला बाहेर काढायची सोय नसेल तर कल्ले बुजतात आणि वीज गेली की तासाभरात खेळ संपतो. पाणी कमी, जागा कमी, वीज खात्रीची आणि रात्रीही माणूस हजर असेल तर बायोफ्लॉक करा. मातीच्या तळ्यात साध्या घनतेने मासे करणाऱ्याने त्यामागे धावावं, असं मला वाटत नाही.

प्रोबायोटिकचं थोडक्यात सांगतो. हॅचरीच्या टाकीत, जिथे पाणी नव्याने भरलेलं असतं, तिथे चांगल्या जिवाणूंनी आधी जागा धरली तर फरक पडतो. मातीच्या तळ्यात जिवाणूंचा दुष्काळ नसतोच. ते काम करत नसतील तर प्राणवायू, क्षारता किंवा वेळ कमी पडत असतो. बाटली ओतून यातलं काहीच मिळत नाही.

कोळंबीचं गणित निराळं आहे. मासे करताना हळूहळू नुकसान होतं, कोळंबीत एका आठवड्यात. इथे वाढीपेक्षा जगणं महत्त्वाचं, आणि संशोधनही तिकडेच झुकलंय. ‘एसपीएफ’ बीज म्हणजे ठरावीक यादीतल्या रोगजंतूंपासून मुक्त बीज. रोगप्रतिकारक बीज असा त्याचा अर्थ नाही. ही गल्लत इतकी सर्रास आहे की ‘एसपीएफ घेऊनही व्हाइट स्पॉट (कोळंबीचा जीवघेणा विषाणूरोग) आला’ ही तक्रार कायम ऐकू येते. येणारच. तुमच्या पाण्यात, खेकड्यांत, शेजारच्या तळ्यात विषाणू असेल तर स्वच्छ बीजालाही तो धरतो. प्रतिकारक्षमतेची निवड वेगळी असते आणि ती प्रत्येक रोगाला सारखी साधत नाही. सामनमध्ये आयपीएन या विषाणूरोगाचा प्रतिकार बहुतांशी जनुकसंचातल्या एकाच जागेवर ठरतो असं निघालं. ती जागा असलेले प्रजनक निवडल्यावर नॉर्वेतले उद्रेक झपाट्याने घटले. व्हाइट स्पॉटबाबत एवढं सोपं काही सापडलेलं नाही. सुरुवातीच्या अभ्यासांत तर प्रतिकार आणि वाढ यांचं नातं उलटं दिसलं होतं. आता जनुकीय चिप (एका जिवाच्या हजारो जनुकीय खुणा एकदम वाचणारं साधन) वापरून केलेली निवड इथे मदत करते, कारण ज्या भावंडांना रोग लावून तपासलं त्यांच्यावरून न तपासलेल्या निरोगी भावंडांचा अंदाज बांधता येतो. हे काम मोठ्या प्रजनन केंद्रांचं. तुमच्यापर्यंत ते चांगल्या बीजाच्या रूपानेच येईल.

तुमच्या हातात जे आहे ते दुसऱ्या एका संशोधनातून आलंय. कोळंबी सोडल्यावर पहिल्या महिनाभरात तळी रिकामी करणाऱ्या रोगाचं कारण २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने शोधलं. कारण होतं विष तयार करणारा व्हिब्रिओ जिवाणू. पुढच्या वर्षी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक शंका मांडली, ती मला पटते. तळं क्लोरीनने निर्जंतुक करून त्यात लगेच खाद्य आणि बीज टाकलं, की सगळ्यात आधी वेगाने वाढणारे जिवाणूच रिकामी जागा पकडतात, आणि व्हिब्रिओ त्यातलाच. म्हणून निर्जंतुक केल्यावर पाणी तसंच राहू द्या, शेवाळ आणि जिवाणूंची घडी बसू द्या, मग बीज सोडा. याला पैसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि हंगामाच्या तोंडावर नेमका तोच कोणाकडे नसतो.

दुसरा रोग ईएचपी, २००९ मध्ये थायलंडमध्ये वर्णन झालेला बुरशीच्या कुळातला सूक्ष्म परजीवी. हा मारत नाही, वाढ खुंटवतो. चेक ट्रेमध्ये (खाणं तपासायला पाण्यात सोडलेल्या जाळीच्या ताटात) कोळंबी जिवंत, टुणटुणीत, पण एकाच वयाची काही बोटभर आणि काही त्याच्या निम्मी, आणि पाण्यावर कधी पांढरे विष्ठेचे धागे तरंगताना दिसतात. अशा वेळी वाढीसाठी खाद्यात काही मिसळून काही होत नाही. बीज सोडण्याआधी पीसीआर तपासणी करा, आणि आधीच्या पिकात रोग आला असेल तर कोरड्या तळाची नांगरट करून कळीच्या चुन्याने मातीचा सामू १२ च्या आसपास न्या. त्याचे बीजाणू चिवट असतात, वरवर शिंपडलेल्या चुन्याला ते जुमानत नाहीत. एक आणखी: कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडांची व्यवस्था नसते. ‘कोळंबीची लस’ म्हणून कोणी काही विकत असेल तर आधी ती काम कशी करते ते विचारा.

खाद्याबद्दल फार लिहीत नाही. नॉर्वेच्या सामन-खाद्यात १९९० च्या सुमारास मासळीचं पीठ आणि तेल मिळून ९० टक्के होतं, २०२० पर्यंत ते पाव हिश्शाच्या खाली आलं. ही मोठी कामगिरी आहे, आणि कीटकांचं पीठ, शेवाळाचं तेल, जिवाणूंपासूनचं प्रथिन हे सगळं त्याच वाटेवरचं. पण सामन मांसाहारी आहे. तिलापिया आणि कार्पच्या खाद्यात मासळीचं पीठ आधीच थोडं असतं, त्यामुळे कीटकांच्या पिठाने तुमचं गणित फारसं हलणार नाही. खाद्य किती टाकता आणि कधी टाकता, यानेच जास्त हलेल.

आता भावाच्या कालवांबद्दल. २००७-०८ मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ओरेगनमधल्या व्हिस्की क्रीक हॅचरीत कालवांच्या अळ्या घाऊक मरू लागल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला. नंतर निघालं की वाऱ्याबरोबर समुद्राच्या खोलीतून कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी वर येत होतं आणि त्या पाण्यात अळीला पहिलं कवच बांधणं जड जात होतं. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत हे कवच घाईने बांधायचं असतं, शक्ती अंड्यातल्या शिदोरीपुरतीच. उपाय साधे निघाले: पाण्यात सोडियम कार्बोनेट मोजून टाकणं, आणि पाणी पहाटेऐवजी दुपारनंतर घेणं, कारण तोवर शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. भावाची हॅचरी असेल तर पंप कुठल्या वेळी चालतो हे पाहणं फुकट आहे. तो नुसतं बीज आणून वाढवत असेल तर त्याचा विषय वेगळा. ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली) कालवं प्रजननात शक्ती घालवत नाहीत, म्हणून एरवी अंडी सोडून पातळ होण्याच्या दिवसांतही भरलेली राहतात. पण खारटपणा एकदम उतरतो अशा ठिकाणी ती जास्त दगावल्याचे अनुभव आहेत. नदीच्या मुखाजवळ असाल तर आधी थोडीच लावून बघा.

जनुक-संपादनाचं कुतूहल मलाही आहे. जपानमध्ये २०२१ पासून स्नायूंची वाढ रोखणारं जनुक बंद केलेला रेड सी ब्रीम बाजारात आहे. उलट, परक्या जनुकाचा सामन विकसित करणाऱ्या अमेरिकन कंपनीने अनेक वर्षांच्या परवानग्यांनंतर २०२४ च्या अखेरीस मत्स्यपालन थांबवलं. तुमच्या पुढच्या हंगामाशी या दोन्हींचा संबंध नाही.

राहिला तो ३० टक्क्यांचा आकडा. असा आकडा दिसला की तुलना कोणाशी केली ते आधी शोधा. खालावलेल्या स्थानिक बीजाशी तुलना केली तर काहीही सरस दिसतं. टाकीत की तळ्यात, किती आठवडे, सुरुवातीचं वजन सारखं होतं का, आणि जगण्याचं प्रमाण दिलंय का? मेलेले वगळून सरासरी काढली तर जगलेले नेहमीच छान वाढलेले असतात.

त्याहून चांगलं म्हणजे स्वतः तपासा, पण जुनं बीज एका तळ्यात आणि नवं दुसऱ्या तळ्यात टाकून नाही. तळ्यातळ्यांतला फरक बहुतेक वेळा बीजातल्या फरकापेक्षा मोठा असतो. दोन्ही एकाच तळ्यात सोडा. साधारण दहा ग्रॅमची बोटुकली घ्या, दोन्हींचं सरासरी वजन शक्य तितकं जुळवा. जुन्यांचा डावा पोटाचा पर बुंध्याशी कापा, नव्यांचा उजवा, म्हणजे इजा दोघांना सारखीच होते. शेवटी जाळं ओढून वेगळे करा, वजनही घ्या आणि मोजाही. एकत्र सोडल्यावर दांडगे मासे दुबळ्यांना दाबतात, त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडा मोठा दिसेल. पण कोण सरस, ते नक्की कळेल.

तुमच्या एका पैशाचं उत्तर मात्र मला अजून देता येत नाही, कारण लागणारे आकडे तुम्ही लिहिलेले नाहीत. सलग आठवडाभर उजाडायच्या आधी मीटर बुडवा, एकदा क्षारता मोजा, आणि गेल्या पिकात किती सोडले, किती निघाले, किती खाद्य गेलं ते लिहा. कोळंबीच्या तळ्यात आधी काय होतं तेही कळवा. पहाटेचा प्राणवायू ४ च्या वर टिकत असेल आणि जगण्याचं प्रमाण बरं असेल तर बेलाशक बीजावर खर्च करा. नसेल तर एरेटर किती आणि कुठे, हे त्या आकड्यांवरून बसवून देतो.